माँपेलिएच्या गल्ल्यांत ‘अल-कानून’चा माग

मिरजेला आमच्या अब्बाजींच्या दवाखान्यात एक काचेचे कपाट होते. खालच्या कप्प्यांत माजून आणि खमिऱ्याच्या बरण्या आणि सगळ्यांत वर ‘अल-कानून’चा उर्दू तर्जुमा. औषध बांधता बांधता अब्बाजी सांगायचे, “इब्न सीनांच्या या किताबावर फिरंग्यांनीसुद्धा कित्येक शतके डॉक्टरकी शिकली.” आमच्या लेकीने हे लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेले. पुढे तिला शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तो नेमका दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात. अब्बाजींचा इंतेकाल झाला तेव्हा ती तिथेच होती. परीक्षा तोंडावर होती, तिला येता आले नाही. ती रुखरुख तिच्या फोनवरच्या आवाजात बरेच दिवस जाणवायची.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तिला भेटायला गेलो. पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. पहिल्याच रात्री जेवताना ती म्हणाली, “अम्मी, दादाजान सांगायचे ती जागा उद्या पायी पायी बघू या?” गाइड घ्यायचा नाही, बस नाही, फक्त एक कागदी नकाशा घ्यायचा असे ठरले.

सुरुवात केली प्लास द ला कॉमेदी या मोठ्या चौकातून. रेल्वे स्थानकापासून हा चौक पाच-सात मिनिटांवर आहे. जुन्या लंबगोल आकारामुळे गावकरी त्याला ‘अंडे’ म्हणतात! गाड्यांना इथे बंदी आहे, त्यामुळे मुले मोकळी बागडत होती. एका टोकाला नाट्यगृह आणि समोर तीन सौंदर्यदेवतांचे कारंजे. तिथून वर चढणारी वाट धरली की जुने गाव लागते. नकाशावर त्याचा आकार ढालीसारखा दिसतो, म्हणून त्याचे नावही ‘एक्युसाँ’ म्हणजे ढाल.

गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ-मिरची उसनी द्यावी. पाट्या वाचताना मजा वाटली. एक सोनार-चांदीवाल्यांची गल्ली, एक सुया करणाऱ्यांची. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी असते तसेच. दोनदा वाट चुकलो, पण चुकून चुकून शेवटी त्याच चौकात येतो, म्हणून भीती नाही.

माँपेलिएचे नाव पहिल्यांदा इ.स. ९८५ च्या एका दानपत्रात येते. फ्रान्समधल्या अनेक शहरांसारखा याला रोमन वारसा नाही. हे गाव वाढले ते व्यापारावर, विशेषतः मसाले, औषधी द्रव्ये आणि रंगवलेल्या कापडावर. बाराव्या शतकात स्पेनहून निघालेला तुदेलाचा बेंजामिन हा ज्यू प्रवासी इथे आला होता. इथे ख्रिस्ती आणि मुसलमान व्यापारी दुरून दुरून येतात, अगदी मिसर देशाहूनही, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. जिथे औषधी द्रव्ये उतरतात तिथे वैद्य येतात आणि वैद्यांच्या मागोमाग किताबे येतात.

बारालरी नावाच्या गल्लीत आम्ही थांबलो. इथे जमिनीखाली ज्यू समाजाचे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे स्नानकुंड आहे. जमिनीतल्या जिवंत झऱ्याचे पाणी त्यात येते. आपण वुजू आणि गुस्ल करतो तसे पाकीसाठी ते बांधलेले. आत जायला आधी वेळ ठरवावी लागते, त्यामुळे आम्ही बाहेरूनच पाहिले. पण या वस्तीचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. अंदलूसमधून निघालेल्या इब्न तिब्बोन घराण्यातले मोझेस इब्न तिब्बोन आणि याकोब बेन माखीर हे विद्वान या शहरात राहिले. मोझेस यांनी इब्न रुश्दांचे ग्रंथ अरबीतून हिब्रूत आणले. याकोब खगोलशास्त्रात नावाजलेले. मुसलमानाने लिहिले, ज्यूने भाषांतर केले, ख्रिस्ती विद्यार्थ्याने वाचले, असा तो काळ होता. तो टिकला मात्र नाही. १३०६ साली फ्रान्सच्या राजाने ज्यूंना हद्दपार केले आणि त्याची झळ या शहरालाही बसली.

तिथून थोड्याच अंतरावर सँ-पिएर कॅथेड्रल लागते. दारापुढे दोन प्रचंड गोल खांब, किल्ल्याच्या बुरुजांसारखे. त्याला लागूनच आमचे ठिकाण होते, वैद्यकीय विद्याशाखेची जुनी इमारत. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन वैद्यांचे काशाचे पुतळे बसलेले. इमारत मुळात चौदाव्या शतकातला मठ आणि १७९५ पासून वैद्यकशाळा. पण शाळा त्याहून कितीतरी जुनी. ११८१ मध्ये इथल्या सरदाराने, आठव्या गिलेमने, जाहीर केले की माणूस कुठलाही असो, कुठूनही आलेला असो, त्याला या शहरात वैद्यक शिकवायची मुभा आहे. १२२० मध्ये शाळेचे नियम लिहिले गेले. तेव्हापासून खंड न पडता चाललेली ही जगातली सर्वांत जुनी वैद्यकशाळा मानली जाते.

आणि अब्बाजींची गोष्ट? ती खरीच निघाली. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनांचे (९८०–१०३७) ‘अल-कानून फित-तिब्ब’ बाराव्या शतकात तोलेदो शहरात लॅटिनमध्ये आले. इथे शिकवणारे आर्नो द व्हिलनव्ह यांनी तर इब्न सीनांचा हृदयाच्या औषधांवरचा ग्रंथ स्वतः अरबीतून लॅटिनमध्ये उतरवला. १३०९ मध्ये पोपने इथल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे ग्रंथ ठरवून दिले, त्यांत गॅलेनसोबत इब्न सीना आणि राझी यांची नावे होती. म्हणजे मिरजेच्या कपाटातली किताब आणि या दगडी दारामागची किताब एकच!

लेक बराच वेळ त्या दारासमोर उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “दादाजानना फोटो पाठवायचा होता.” आम्ही काही बोललो नाही. तिच्या अब्बांनी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिला इतक्या दूर पाठवले तेव्हा नात्यातल्या लोकांनी आम्हाला कमी ऐकवले नव्हते. मुलगी एकटी कशी राहील, हिजाब चालेल का, हे प्रश्न खरेही होते. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींना हिजाब घालता येत नाही. विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना मात्र तो कायदा लागू नाही. लेकीने कधीतरी रोखलेल्या नजराही सोसल्या आहेत आणि जिवाला जीव देणाऱ्या मैत्रिणीही मिळवल्या आहेत. त्या नात्यातल्या लोकांना आता आम्ही ११८१ ची गोष्ट सांगतो.

समोर रस्ता ओलांडला की वनस्पती उद्यान. चौथ्या हेन्री राजाने १५९३ मध्ये ते उभारायला लावले, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडे ओळखता यावीत म्हणून. फ्रान्समधले हे सर्वांत जुने वनस्पती उद्यान. आम्ही ऐटीत फाटकाशी गेलो तर कुलूप! सोमवारी ते बंद असते, हे आम्ही बघितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो. प्रवेश मोफत आहे. लेक एकेका झाडाची लॅटिन पाटी वाचत होती. “दादाजान असते तर इथून हललेच नसते,” ती म्हणाली आणि हसली. एका बाकावर बसून तिघांनी त्यांच्यासाठी दुआ केली.

शेवटचा टप्पा पेय्रूचा. नाव ऐकून आम्हाला आपला पेरूच आठवला! ही गावाबाहेरची उंच, मोकळी बाग आहे. मध्ये चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा. मागे जलमहाल आणि त्याला येऊन मिळणारा दगडी कमानींचा अठराव्या शतकातला जलमार्ग, दूरच्या झऱ्याचे पाणी गावात आणणारा. बागेसमोरच्या विजय कमानीवर त्याच राजाचे पराक्रम कोरले आहेत. त्यांत १६८५ मध्ये प्रोटेस्टंट लोकांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्याचाही गौरव आहे. जे शहर एकेकाळी ‘कुणीही या, शिकवा’ म्हणाले, त्याच शहराने कुणाला हाकलल्याच्या खुणाही जपल्या आहेत. दोन्ही गोष्टी चालत वीस मिनिटांच्या आत दिसतात.

कुणी जाणार असेल तर चार गोष्टी सांगतो. सोमवार टाळा. जुन्या गावात दगडी फरशी आहे, म्हणून मऊ तळव्याचे बूट घाला. फेरी चार-पाच किलोमीटरची होते, थांबत थांबत अर्धा दिवस पुरतो. ट्राम इथल्या रहिवाशांना २०२३ च्या डिसेंबरपासून मोफत आहे, पाहुण्यांना मात्र तिकीट काढावे लागते. हलाल जेवणासाठी पेय्रूच्या खालच्या अंगाला प्लाँ काबान भागात जा. तिथे मगरिबी लोकांची वस्ती आहे. दुकानदाराने आमचा सलाम ऐकून पुदिन्याचा चहा पुढे केला आणि भाषा येत नसूनही गप्पा रंगल्या.

परत आल्यावर आम्ही त्या दाराचा फोटो काचेच्या कपाटात, किताबेशेजारी ठेवला आहे.