कॅप्टन कर्कचा चष्मा

१९८२ सालच्या 'स्टार ट्रेक : द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात कॅप्टन कर्कचा वाढदिवस असतो. तेविसावं शतक चालू आहे, माणूस ताऱ्या-ताऱ्यांतून हिंडतोय, आणि डॉक्टर मॅकॉय मित्राला भेट काय देतो, तर वाचायचा चष्मा! नजर सुधारायचं औषध त्या काळात मिळतं, पण कर्कला त्याची अ‍ॅलर्जी. बढती देऊन यानावरून खाली उतरवलेला हा माणूस मनातून खट्टू झालेला असतो. हा सिनेमा मी भाड्याच्या व्हीसीआरवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिशीत होते. सगळं लक्ष लढाईकडे. आता सत्तरी ओलांडल्यावर तोच लावते तेव्हा लढाई सुरू झाली की चहा टाकायला उठते, आणि चष्म्याच्या प्रसंगाला खुर्ची पुढे ओढून बसते.

"या वयात हे कसले सिनेमे बघता?" असं मला नेहमी विचारतात. विज्ञानपट म्हणजे तरुण पोरांचं खेळणं, अशी समजूत आहे. माझं मत नेमकं उलटं आहे. वय वाढणं म्हणजे काय, हे आपल्या कौटुंबिक सिनेमांपेक्षा या सिनेमांना जास्त कळतं. कौटुंबिक सिनेमात म्हातारा माणूस एक तर आशीर्वाद देतो, नाही तर मुलांनी घराबाहेर काढला म्हणून रडतो. विज्ञानपटाचा कच्चा मालच मुळी काळ. तो ताणून, दुमडून, उलटा करून बघणं हाच त्याचा धंदा. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा जवळचा विषय कुठला?

माझी नोकरी पुण्यात टेलिफोन खात्यातली. ट्रंक बोर्डावर ऑपरेटर. कानाला हेडसेट, समोर दोऱ्या-प्लगांचं जंजाळ. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा कॉलच्या जाती, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून पुढे चालू ठेवायचं का, हे विचारायचं. त्या दिवसांत राहुल टॉकीजला स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' पाहिला. बाकी प्रेक्षक माकडं आणि काळ्या शिळेबद्दल वाद घालत बाहेर पडले. माझ्या डोक्यात राहिला तो अंतराळस्थानकावरचा टेलिफोन बूथ. डॉ. फ्लॉइड तिथून पृथ्वीवरच्या छोट्या मुलीला फोन लावतो, पडद्यावर तिचा चेहरा दिसतो, आणि बोलणं संपल्यावर आकार येतो एक डॉलर सत्तर सेंट. कॉल बुक केला नाही, ताटकळला नाही, ऑपरेटरशी भांडला नाही! माझी नोकरी जाणार, हे मला त्या दिवशी थिएटरात कळलं.

या कथेचा सहलेखक आर्थर क्लार्क. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबर फिरतो आणि खालून एकाच जागी स्थिर दिसतो. असे तीन उपग्रह ठेवले तर जवळपास सगळ्या जगाचं दळणवळण होईल, हे त्याने १९४५ साली लेख लिहून मांडलं होतं. तीसेक वर्षांच्या आत ते आमच्या दारात आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वीला भलीमोठी तबकडी उभी राहिली आणि परदेशचे कॉल उपग्रहावरून जाऊ लागले. आवाज स्वच्छ, पण बोललेलं पलीकडे पोचायला पाव सेकंद लागे. त्यामुळे दोन्हीकडून एकदम "हॅलो, हॅलो" व्हायचं.

भविष्य सांगण्याच्या बाबतीत हे सिनेमे अर्धे बरोबर निघतात आणि अर्धे साफ आपटतात. '२००१'मधल्या अंतराळयानावर पॅन अ‍ॅम कंपनीचं नाव आहे आणि त्या बूथवर अमेरिकेतल्या बेल टेलिफोनचं चिन्ह. बेलचे १९८४ साली तुकडे झाले, पॅन अ‍ॅम १९९१ साली बंद पडली. २००१ सालापर्यंत दोघीही टिकल्या नाहीत. 'ब्लेड रनर' १९८२ सालचा, गोष्ट नोव्हेंबर २०१९ची. त्यात मोटारी उडतात, हुबेहूब माणसासारखी कृत्रिम माणसं रस्त्यात फिरतात, आणि नायक हॅरिसन फोर्ड बारमधल्या भिंतीवरच्या फोनवरून पैसे भरून कॉल लावतो. खऱ्या २०१९ मध्ये आमच्या भाजीवाल्याच्या खिशात दोन सिमकार्डांचा मोबाइल होता. मोटार उडवायची कल्पना सुचते, पण फोन भिंतीवरून काढून खिशात घालायची सुचत नाही, याची मला गंमत वाटते. अर्थात, भविष्य चुकलं म्हणून सिनेमा बाद होत नाही. माणूस उद्याची चित्रं आजच्याच सामानातून जुळवतो, हे त्यातून दिसतं. आपणही तरुणपणी आपल्या म्हातारपणाची अशीच कल्पना केलेली असते.

वयानुसार सिनेमा बदलतो म्हणजे काय, हे मला 'हॅल'ने शिकवलं. हॅल हा '२००१'मधला यान चालवणारा संगणक. तो बिघडतो, माणसं मारतो, आणि शेवटी अंतराळवीर बोमन त्याच्या स्मृतीचे ठोकळे एकेक करून बाहेर काढतो. हॅलचा आवाज जड होत जातो. भीती वाटते आहे असं तो सांगतो, आणि मग त्याला अगदी सुरुवातीला शिकवलेलं 'डेझी बेल' हे गाणं म्हणू लागतो. यामागे खरी घटना आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, म्हणजे टेलिफोनवाल्यांच्याच प्रयोगशाळेत, एका आयबीएम संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं. क्लार्क तिथे गेला असताना त्याने ते ऐकलं.

तरुणपणी मला हा प्रसंग म्हणजे खलनायकाला झालेली शिक्षा वाटली होती. पुढे सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला. आधी महिने-वार गेले, मग नातवंडांची नावं, मग मुलाचं. पण संध्याकाळी दिवा लावला की त्या परवचा सुरू करायच्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, एकही आकडा चुकायचा नाही. "बाई, तुम्ही कोण?" असं मला विचारून पुन्हा दिडकीला लागायच्या. शेवटी शिकलेलं आधी जातं, आधी शिकलेलं शेवटपर्यंत टिकतं. या आजारात बऱ्याचदा असं होतं. त्यानंतर 'हॅल'चा तो प्रसंग मला शिक्षा म्हणून बघता आलेला नाही.

'इंटरस्टेलर' २०१४ सालचा. त्यात एका ग्रहाशेजारी प्रचंड कृष्णविवर आहे, आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. गुरुत्वाकर्षण जास्त तिथे काळ सावकाश, हा आइनस्टाइनचा सिद्धांत. सिनेमाच्या विज्ञानाची बाजू सांभाळली होती किप थॉर्न यांनी, ज्यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. नायक कूपर थोडा वेळ तिथे अडकून यानावर परततो, तर तेवीस वर्षं उलटलेली. साठलेले निरोप तो एकापाठोपाठ एक बघतो. मुलगा शाळकरी, मग तरुण, मग बाप झालेला. माझी मुलगी सिअ‍ॅटलला असते. दोन वर्षांनी नातू समोर उभा राहतो तेव्हा त्याचा आवाज फुटलेला असतो. सापेक्षतेचं गणित मला सोडवता येत नाही, पण तो प्रसंग मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. आधी उजवा. डावा व्हायचा होता तेवढ्यात मी '२००१' पुन्हा लावला आणि एकेक डोळा झाकून पाहिला. डाव्या डोळ्याला स्थानकातलं पांढरं दालन चहाचा डाग धुऊनही न गेलेल्या चादरीसारखं दिसत होतं. उजव्याला लख्ख पांढरं, आणि त्यातल्या खुर्च्या लालभडक. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग खातो. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. कृत्रिम भिंगाची कथाही सिनेमात शोभेल अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे तुकडे घुसायचे. ते डोळ्याला चालतात, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरने पाहिलं, आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. सायबोर्ग म्हणजे माणूस अधिक यंत्र. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी ते ओळीने बसलेले असतात.

सोसायटीतल्या बायकांना मी अधूनमधून हॉलमध्ये सिनेमा दाखवते. 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' हा २०१९चा मल्याळी चित्रपट सगळ्यांना फार आवडला. केरळमधल्या खेड्यातला हेकट म्हातारा, रशियात नोकरीला गेलेला मुलगा, आणि बापाची काळजी घ्यायला आणून ठेवलेला रोबो. आधी म्हातारा त्याला जवळ करत नाही, नंतर सोडायला तयार होत नाही. "माझं वाक्य पुरं होईस्तोवर थांबेल तरी," असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, "पण भांडायचं कुणाशी?"

मग 'कोकून' लावला, १९८५चा. फ्लॉरिडातल्या वृद्धांच्या वसाहतीतली काही मंडळी परग्रहवासीयांच्या तलावात डुंबून ताजीतवानी होतात. (त्यातला एक म्हातारा झालेला विल्फर्ड ब्रिम्ली तेव्हा जेमतेम पन्नाशीचा होता, हे ऐकून दोघींनी आरसा मागितला.) शेवटी पाहुणे विचारतात, आमच्याबरोबर चला, कधी म्हातारे होणार नाही, मरणार नाही. बहुतेक जण जातात. एक जण राहतो, कारण बायको वारलीय आणि इथलं मरण त्याला परकं वाटत नाही.

सिनेमा संपल्यावर अर्धा तास वाद. जायचं की राहायचं? एकीने विचारलं, "परत कधी यायचं? माझं दळण गिरणीत आहे." एक म्हणाली, नवरा येणार असेल तर मी नाही. मी मात्र जाईन म्हणाले. तिथून पृथ्वीला ट्रंक कॉल लावला तर किती वेळ ताटकळावं लागतं, ते मला एकदा बघायचंय.