चार मिनिटांचे रीळ

संपादकांनी मला मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवाला धाडले ते पारितोषिकांचा वृत्तांत आणण्यासाठी. परंतु पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात पाऊल ठेवल्यावर, सुवर्णशंख कोणाच्या पदरी पडला याची चौकशी बाजूला राहिली आणि जुन्या लघुपटांचे खेळ जेथून चालत त्या प्रेक्षागृहामागील तापलेल्या केबिनमध्येच माझा बहुतेक वेळ गेला.

केंद्र सरकारने १९४८ साली स्थापिलेल्या या खात्याने १९९० मध्ये महोत्सव सुरू केला. तो दर दोन वर्षांनी भरतो आणि त्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. दप्तरी इतिहास एवढा पुरे. लघुपट मात्र या शहराला त्याहून फार जुना परिचित आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची जी चित्रे दाखवली गेली, ती प्रत्येकी मिनिटभराचीही नव्हती. आणि छायाचित्रकार सावेदादांनी १८९९ मध्ये टिपलेली हँगिंग गार्डनमधील कुस्तीही तशीच अल्पजीवी होती.

केबिनमधील ऑपरेटर साठीकडे झुकलेले, मितभाषी गृहस्थ होते. त्यांच्या प्रोजेक्टरच्या पोटात चार खाचांचे एक पोलादी चक्र होते. त्यास माल्टीज क्रॉस म्हणतात. फिरत्या चकतीवरील खुंटी त्याच्या खाचेत शिरून त्यास पाव फेरा देते, तेवढ्यात फिल्म एक चौकट पुढे सरकते, आणि खुंटी बाहेर पडताच चक्र जागच्या जागी जखडून चौकट प्रकाशासमोर निश्चल उभी राहते. सेकंदाला चोवीस वेळा. चौकट सरकत असताना पाते प्रकाश अडवते, म्हणून ती ओढ आपल्या डोळ्यांस कळत नाही. ध्वनीला मात्र असले थांबणे सोसत नाही, त्यास संथ, अखंड गती हवी. म्हणून ध्वनी चित्राच्या वीस चौकटी आधी मुद्रित करतात आणि मधल्या अंतरात फिल्मचा एक सैल फास ठेवतात. फास चुकला की ओठ एक बोलतात आणि कानी दुसरेच पडते.

दीर्घ चित्रपटाचे दोन हजार फुटी रीळ एकदा चढवले की ऑपरेटरला वीस-बावीस मिनिटांची उसंत मिळते. प्रमोद पतींचा ‘ट्रिप’ हा १९७० चा लघुपट चार मिनिटांचा, म्हणजे अवघी ३६० फूट फिल्म. तो संपायच्या आत पुढचा लघुपट दुसऱ्या यंत्रावर तयार हवा. त्याचे भिंग निराळे, चौकटीचे प्रमाण निराळे, आवाजाची पातळी निराळी, आणि कधी तर फिल्मच १६ मिलिमीटरची. “पडदा काळा राहता कामा नये, साहेब,” एवढेच ते म्हणाले, आणि त्यांचे बोट पुन्हा फासाकडे गेले. लघुपटकाराने हजारो चौकटी एकेक करून रचाव्यात आणि त्या सर्वांचा मान या बोटाने राखावा, हे पाहून मी भारावून गेलो.

मग अडचणींचा विषय निघाला आणि संपेचना. एकेकाळी चित्रपटगृहांच्या परवान्यातच अशी अट होती की मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त वार्तापट वा माहितीपट दाखवलाच पाहिजे. त्या सक्तीला लोक कंटाळत, पण त्यायोगे गावोगावच्या पडद्यावर लघुपटाला हक्काची जागा होती. नव्वदीच्या दशकात ती प्रथा संपुष्टात आली, आणि तिच्या जागी स्वेच्छेची कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही, ही मला मोठी चूक वाटते. पुढे या महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यावरून वाद पेटला, आणि २००४ साली दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भूपेश गुप्ता भवनात भरवला. त्यांची बाजू मला आजही न्याय्य वाटते. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. कारभार कोणत्याही मोहोरेखाली चालो, ॲसिटेटच्या रिळांना दमट हवेत सुटणारा सिरक्याचा वास हुकूमनाम्याने थांबत नाही. तो वास एकदा सुटला की फिल्म आक्रसते, तिची छिद्रे दात्यांवर नीट बसत नाहीत, आणि ते चोवीस वेळा थांबणारे चक्रच तिला फाडू लागते.

शेवटच्या खेळानंतर ऑपरेटरांनी एक रीळ हाताने उलटे गुंडाळले. कडा बोटाने चाचपीत, जेथे जोड सुटू पाहत होता तेथे थांबून त्यांनी तो नव्याने चिकटवला, आणि डब्याचे झाकण लावण्यापूर्वी रीळ नाकाजवळ नेऊन हुंगले.