चांदणे काळ्या रंगात सापडत नाही

तैलरंगात गावाकडची चांदणी रात्र रंगवू पाहणारा नवशिका बहुधा प्रथम काळ्या रंगाची नळी उघडतो. तिथेच चित्र फसते. काळ्या-निळ्या आकाशात पांढरा ठिपका टेकवला की काळोख दिसतो, चांदणे नव्हे.

चंद्रप्रकाश हा सूर्याचाच परावर्तित प्रकाश; पौर्णिमेलाही तो सूर्यप्रकाशापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो. इतक्या मंद उजेडात डोळ्यांना तांबडा रंग आधी दिसेनासा होतो आणि निळसर छटा तुलनेने उजळ भासतात. रंगवायचा असतो तो हा भास.

रशियन चित्रकार आर्खिप कुइंजी याने तो नेमका पकडला. 'नीपर नदीवरील चांदणी रात्र' हे त्याचे एकच चित्र १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये अंधाऱ्या दालनात, दिव्याच्या प्रकाशात मांडले गेले. पाहायला गर्दी लोटली. कॅनव्हासमागे दिवा लपवला असावा, अशी शंकाही काहींना आली. वास्तविक चित्राचा फार मोठा भाग गडद आहे. उजळ आहेत ते चंद्र, ढगांच्या कडा आणि नदीचा पट्टा. काठावरच्या झोपडीतला तांबूस उजेड भोवतालची थंड छटा अधिकच थंड करतो.

शिकणाऱ्याने हाच हिशेब ठेवावा. कॅनव्हासवर आधी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी अंबरचा हात द्यावा. गडद छटेसाठी काळ्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळावे. निळ्याचे प्रमाण बदलले की सावली थंड वा उबदार होते. शेत, छपरे, झाडे मध्यम करड्या छटांत ठेवावीत, कडा कोरड्या ब्रशने पुसट कराव्यात. जाड पांढरा, किंचित पिवळा मिसळून, फक्त चंद्रासाठी आणि पाण्यातील प्रतिबिंबासाठी. तो छपरांवरही सांडला की चंद्र विझतो.

निरीक्षण मात्र गावाबाहेरच करावे लागते. शहराच्या झगमगाटात चांदणे उरतेच कुठे? चंद्रप्रकाशात पॅलेटवरचे रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे रात्री पेन्सिलने छटांच्या नोंदी घ्याव्यात आणि दिवसा रंगवावे.

खरी कसोटी संयमाची. खालचा थर वाळल्यावरच तेलाचे प्रमाण थोडे वाढवून पुढचा थर द्यावा, अन्यथा तडे जातात. वाळताना गडद भाग निस्तेज पडतात. घाबरून त्यांवर पांढरा चढवू नये. चित्र पूर्ण वाळल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, वॉर्निशचा हात दिला की ती खोली परत येते.