उमेदवारीचा खर्च

आमच्या मालवणाकडे चतुर्थीला चाकरमानी गावी उतरले, संध्याकाळच्या आरत्या आटोपल्या आणि माणसे ओटीवर सैलावून बसली, की ज्या घरातील मुलगा नुकताच पदवीधर झाला आहे त्या घरच्या यजमानास दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला प्रश्न मोकळ्या आवाजातला, "झील खंय लागलो?" आणि दुसरा थोडा आवाज उतरवून, "हातात किती गावतत?" यांतले 'लागणे' हे क्रियापद मोठे अर्थवाही आहे, होडी किनाऱ्याला लागते तशी नोकरी 'लागते', म्हणजे पायाखाली जमीन आली आणि हेलकावे संपले, असा भरवसा त्यात गृहीत धरलेला असतो. परंतु अलीकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना यजमान आकड्याच्या आधी "आता सुरुवात आसा" एवढी पुस्ती जोडतो, आणि ही सुरुवात कोणत्या साली संपावयाची आहे, हे ना मुलास ठाऊक असते, ना त्यास नेमणाऱ्यास.

पदवी आणि मालवण यांचा संबंध विद्यापीठाच्या आरंभापासूनचा आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली आणि 1862 साली त्याचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्या बरोबरीने रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. भांडारकरांचा जन्म 1837 सालचा, मालवणातला. वडील महसूल खात्यात कारकून, आणि त्यांची बदली रत्नागिरीस झाली म्हणून मुलास इंग्रजी शाळेचा लाभ झाला. पदवीनंतर दोनच वर्षांनी हा मालवणचा कारकुनाचा मुलगा सिंधमधील हैदराबादच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि 1893 साली ज्या विद्यापीठाने त्यास पदवी दिली त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पदवीधर चार असतात तेव्हा पदवी ही सनद असते. आज मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय किंवा वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय येथून बाहेर पडणारा विद्यार्थी त्याच विद्यापीठाचे प्रमाणपत्र घेऊन घरी येतो, पण त्या एका वर्षात तसली प्रमाणपत्रे लाखावर वाटली गेलेली असतात. ज्या मालाची आवक वाढली त्याचा भाव उतरतो, हे मालवणच्या मासळीबाजारात कोणासही समजावून सांगावे लागत नाही. तथापि एवढ्या एका कारणाने पहिल्या पगाराच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

उमेद आणि तिचा धनी

'उमेदवार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून, कचेरीच्या वाटेने आला. जुन्या मामलेदार कचेरीत जागा रिकामी होईल या उमेदीवर जो तरुण बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्यावर दप्तरे उचली, नकला करी आणि शिरस्तेदाराची मर्जी सांभाळी, तो उमेदवार. प्रारंभीचे वेतन तुटपुंजे असणे ही आजची तक्रार नव्हे. उलट कित्येकांच्या बाबतीत प्रारंभी वेतनच नसे. तरी ती व्यवस्था चालली, कारण उमेदवारीचा काळ कोणाच्या तरी खर्चाने निभावत असे, आणि त्या काळाच्या शेवटी काय आहे हे डोळ्यांना दिसत असे. नोकरी लागली की मग वेतनश्रेणी, वार्षिक बढती, निवृत्तिवेतन, अशी पायऱ्यांची उतरंड छापील स्वरूपात समोर असे.

पदवी नसलेल्या चाकरमान्याची कथाही याहून फार निराळी नव्हती. गिरणीत नवा गेलेला मनुष्य प्रथम बदली कामगार होई. सकाळी दाराशी उभे राहावयाचे, कायम माणूस गैरहजर असला तर त्या दिवसाचा रोज, नाही तर माघारी. अशा अवस्थेत त्यास मुंबईत टिकवून धरले ते गिरणगावातील गावकीच्या खोलीने, जेथे एकाच गावचे वीसपंचवीस जण पाळीपाळीने एकाच जागेवर पाठ टेकीत, आणि खानावळवाल्या बाईने, जी महिनाअखेरपर्यंत उधारीवर जेवू घाली. मागे गावी बायकांनी भातशेती ओढली, म्हणून त्याच्या पगारातून काही शिल्लक पडून मनीऑर्डर होऊ शकली. पुरुष मुंबईत आणि घर बायकांच्या खांद्यावर, ही रीत जनगणनेतही उमटली आहे. 2011 साली सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या, आणि 2001 साली 8,68,825 असलेली जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी 8,49,651 वर उतरली. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणीची ती शिडी मोडली. गावकीच्या खोल्याही हळूहळू ओस पडल्या.

आजचा पदवीधर मुंबईस जातो तेव्हा त्यास ना गावकीची खोली भेटते, ना उधारीची खानावळ. तो डोंबिवलीस अथवा विरारला चौघांत मिळून भाड्याची जागा घेतो, अनामत रक्कम बाप देतो, पहिल्या तीन महिन्यांचे भाडे बाप देतो, आणि पुढेही महिन्याच्या वीस तारखेनंतर आईच्या मोबाइलवर 'थोडे पाठव' असा निरोप येत राहतो. ज्या जिल्ह्यास साऱ्या महाराष्ट्राने मनीऑर्डरीवर जगणारा म्हणून ओळखले, त्या जिल्ह्यातून आता पैसे मुंबई-पुण्याकडे जाऊ लागले आहेत. ही दिशा बदलणे, हीच माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठी घटना होय.

हातात किती

ओटीवरच्या प्रश्नातील 'हातात' हा शब्द किती शहाणपणाचा आहे, हे नेमणुकीचे पत्र उलगडले की कळते. ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंट या माहिती तंत्रज्ञान कंपनीने तीन वर्षांची साधी पदवी घेतलेल्यांसाठी वार्षिक 2.52 लाख रुपये देऊ केल्याची वार्ता पसरली आणि देशभर तिची चेष्टा झाली. एखाद्या कंपनीच्या पत्रात एवढाच आकडा असला, तर त्याचे हातात काय होते ते उदाहरणादाखल पाहू. महिन्यास हे 21,000 रुपये झाले. पण पत्रातील आकडा हा कंपनीला त्या माणसापायी येणारा एकूण खर्च असतो. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे 10,500 धरले, तर कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी 12 टक्क्यांनी 1,260, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 505 आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतील कंपनीचा वाटा, एवढे त्यातूनच आधी वजा होते. उरलेल्या सुमारे 18,600 रुपयांतून मुलाच्या वाट्याचा तेवढाच भविष्यनिर्वाह निधी, विम्याचे 140 आणि 200 रुपये व्यवसायकर कापला जातो. हातात राहतात ते सतरा हजारांच्या आसपास. यांतला बराचसा निधी मुलाच्याच खात्यात साचतो हे खरे. परंतु ग्रॅच्युइटी कायम नोकरास पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळत असल्याने, जो दोन वर्षांत जागा बदलणार आहे त्याच्यापुरती ती रक्कम कागदावरच राहते.

सरकारी योजनांचे आकडे याहून लहान आहेत. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली 2019 साली पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरविण्यात आले. राज्याने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत बारावी उत्तीर्णास 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये सहा महिन्यांपर्यंत मिळावयाचे होते. पुढे ही मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. सव्वीस कामाच्या दिवसांनी भागिले असता पदवीधराचा रोज 385 रुपये पडतो. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. शाळा-महाविद्यालयातील पंधरा वर्षांची किंमत दिवसास 73 रुपये, असा याचा हिशेब मांडता येतो. आणि त्याच वेळी आमच्याकडच्या आंब्याच्या बागांत राखण करावयास व होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे आणावी लागतात, हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेले आहे.

मात्र लहान आकडा आणि अन्याय यांची सरमिसळ करणे योग्य नाही, हे शिक्षणसेवकांच्या उदाहरणावरून कळते. ही योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा 3,000 रुपये होते. पुढे ते 6,000 झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथेच थिजले. जानेवारी 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झाले. सहा हजारांवर दूरच्या वाडीत खोली करून राहिलेल्या तरुणांनी जे सोसले ते समर्थनीय नव्हे. तरीही त्यांनी ते सोसले, कारण तीन वर्षे पुरी झाली की नियमित वेतनश्रेणी मिळणार हे लेखी होते. याउलट महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा पदव्युत्तर मनुष्य किंवा कार्यालयात अकरा महिने प्रशिक्षण घेतलेला पदवीधर, मुदत संपली की पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पगार दोघांचाही लहानच. पण एकाच्या उमेदवारीला शेवट आहे, दुसऱ्याच्या नाही.

वाट पाहण्याची ऐपत

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या भारतविषयक 2024 च्या अहवालात एक विलक्षण आकडा आहे: 2022 साली तरुण पदवीधरांतील बेकारीचे प्रमाण 29.1 टक्के होते, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते 3.4 टक्के. याचा अर्थ निरक्षरास चांगली नोकरी मिळते असा नव्हे. त्यास बेकार राहणे परवडत नाही, मिळेल त्या रोजावर त्यास उद्याच जावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. बेकार राहून योग्य जागेची वाट पाहण्यास पाठीशी कोणाचे तरी घर लागते. सुशिक्षितांची बेकारी ही अशी कुटुंबाच्या खर्चाने चाललेली प्रतीक्षा आहे, आणि आई-बाप दमले की ती संपते.

या प्रतीक्षेस शासनही शुल्क आकारते. पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव घालून 'कॉल' येण्याची वाट पाहत बसणारी एक पिढी होऊन गेली. रिकाम्या जागा कळविणे 1959 च्या कायद्याने मालकास बंधनकारक केले होते, पण त्या तेथूनच भरण्याचे बंधन नव्हते, हे पुष्कळांस कार्ड जुने झाल्यावर उमगले. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार; अर्जाचे शुल्क खुल्या वर्गास 1,000 रुपये आणि राखीव वर्गास 900. ज्याच्या खिशात अद्याप पहिला पगार पडलेला नाही त्याने हे पैसे कोणाकडून घेतले असतील, हे सांगावयास नको.

मग गावातच राहावे, तर जिल्ह्याचे अर्थकारण ऋतूंवर चालते. सिंधुदुर्गास 1997 साली पर्यटन जिल्हा घोषित करण्यात आले आणि तारकर्ली, देवबाग, वायरी येथे घरगुती निवास-न्याहारी, स्कूबा, बोटी यांनी पुष्कळांस हात दिला यात शंका नाही. परंतु मे सरता सरता समुद्र उसळू लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद होतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, आणि पगारही त्या लाटांबरोबर ओसरतो. बांदा, सातार्डा, दोडामार्ग या पट्ट्यातील तरुण पहाटे दुचाकीवर गोव्याच्या कारखान्यांत व हॉटेलांत जातात. जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर त्यांत आणखी एका ठिकाणाची भर पडली. त्यांना तो पगार पुरतो, कारण भाडे नाही, भात घरचा आहे आणि रात्री परत येण्यास घर आहे. अशा पगाराचा काही हिस्सा गोव्यातील मालक देतो आणि काही हिस्सा सातार्ड्यातील आई देते. मालकाच्या ताळेबंदात मात्र तिचे नाव कोठेच नसते.

म्हणून नवपदवीधरास "पहिल्या पगाराकडे पाहू नकोस, अनुभव घे" असा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. तो अनुभव कोणत्या पायरीवर नेणार आहे, किती महिन्यांनी नेणार आहे आणि हे पत्रात लिहिले आहे काय, हे त्याच्याबरोबर बसून वाचावे. पायरी लिहिलेली असेल तर लहान आकडाही घेण्याजोगा आहे. नसेल तर मोठ्या आकड्यासही फारसा अर्थ नाही. आणि पुढल्या चतुर्थीला ओटीवर ते दोन प्रश्न विचारून झाले, की तिसराही विचारावा, जो आजवर संकोचापायी कोणी विचारीत नाही: "आणि घराकडसून किती धाडतास?" त्याचे उत्तर यजमानाच्या तोंडून येण्यास थोडा वेळ लागेल. बहुधा ते आतून, चुलीपाशी बसलेल्या बाईकडूनच येईल, कारण तो हिशेब तिच्यापाशी आहे.