लाईट घेणाऱ्याचा ताप

अंगारकीला राजूरच्या गणपतीला जालन्याकडून लोक रात्रीच पायी निघतात आणि दर्शनाच्या रांगेत खांद्याला खांदा लागतो. घरात कुणी छत्रपती संभाजीनगरला कर्करोगासाठी 'लाईट' म्हणजे किरणोपचार घेत असेल, तर त्याने या रांगेत उभं राहण्याआधी रक्ताचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.

घरच्यांची भीती बहुधा उलटी असते. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, नातवंडांना जवळ जायची बंदी. हे थांबायला हवं. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. जपायचं असतं ते रुग्णालाच, कारण किरणांनी त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

वेगाने विभागणाऱ्या पेशी किरणांना आधी बळी पडतात, असा नियम फ्रान्सच्या बर्गोनिए आणि ट्रिबोंदो यांनी 1906 मध्ये मांडला. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी त्याला अपवाद आहेत. विभाजन न होताही, डीएनए तुटल्यावर त्या काही तासांतच स्वतःला संपवतात. सुमारे 2 ग्रे मात्रा, म्हणजे साधारण एका दिवसाचा डोस, त्यांतल्या निम्म्या पेशींना पुरतो.

न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीचं वेगळं. तयार झालेली ही पेशी किरणांना फारशी दाद देत नाही, पण रक्तात ती जेमतेम दिवसभर टिकते आणि नवी अस्थिमज्जेतून यावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला सुमारे पाच आठवडे लाईट देतात. प्रौढांच्या कार्यरत मज्जेचा मोठा वाटा नेमका कमरेच्या हाडांत असतो. सोबत कीमो असली की विहिरीचा उपसा चालूच आणि झरा आटलेला, अशी गत होते.

रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेले की जंतू शिरूनही पू धरत नाही, लाली येत नाही. ताप हीच काय ती खूण. 100.4 फॅरनहाइट दिसलं की तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा आणि 'लाईट चालू आहे' हे आधी सांगावं.

न्यूट्रोफिल काही आठवड्यांत सावरतात. लिम्फोसाइटना मात्र कित्येक महिने लागतात, आणि त्या काळात लहानपणीच्या कांजिण्यांचा मज्जातंतूंत दडून बसलेला विषाणू नागीण होऊन उठू शकतो. पाठीवर किंवा बरगडीवर एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं, तर ते उपचार संपल्यानंतरही लगेच दाखवावं.