अंगदुखीची गोळी आणि पोटातला रक्तस्राव

डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून कंबर-गुडघे धरतात. मग दुकानातून अंगदुखीची गोळी येते, बहुधा उपाशीपोटीच घेतली जाते.

अशा गोळ्यांतली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याची निर्मिती रोखतात. शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिले. ही निर्मिती रोखल्याने सूज उतरते. पण हेच द्रव्य जठराच्या अस्तराला आम्लापासून जपते. ते घटले की व्रण पडून रक्त वाहू शकते. इंजेक्शननेही धोका टळत नाही, कारण औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच.

खुणा अशा: शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होणे, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, घाम, धाप. पोट दुखेलच असे नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, तरी खात्री डॉक्टरांकडूनच करावी.

साठीपुढच्यांनी, पूर्वी व्रण झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. वरच्या खुणांपैकी एक जरी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, घोडेगाव किंवा मंचरचे सरकारी रुग्णालय गाठा आणि घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.