संकेतस्थळावरची दलाली

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. फीचे पैसे आपले आपण मिळवावेत, म्हणून मी पुस्तकपरिचयाचे छोटेसे संकेतस्थळ चालवतो. त्यातून कमाई कशी होते, असे मित्र विचारतात. त्यासाठी हा खुलासा.

याला ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत दलालीच. अ‍ॅमेझॉनची अशी योजना १९९६ पासून आहे. लेखाखालच्या दुव्यावरून वाचक दुकानात गेला आणि साधारणपणे २४ तासांत त्याने खरेदी केली, तरच दलाली मिळते. नुसता वाचून गेला, तर शून्य.

आता हिशेब पाहा. समजा, शंभर वाचकांतले दहा दुकानापर्यंत गेले, एकाने ३०० रुपयांचे पुस्तक घेतले आणि दलाली ५ टक्के धरली, तर हाती पडतात १५ रुपये! शिवाय दर ठरवणार कंपनी. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरची दलाली ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली. बाजारातला अडत्या निदान गिऱ्हाईक ओळखतो; इथे तेही नाही.

तेव्हा वरकमाई म्हणून हा मार्ग ठीक. फीचा भरवसा त्यावर ठेवू नये. संध्याकाळी मी किराणा दुकानात उधारीची वही लिहितो. यंदाची फी त्यातूनच भरली.